आशियातील आद्य संस्कृती आणि आमची पांढरी

आपले घराणे किती जुने, हे जाणण्याची ओढ प्रत्येक मनुष्यास असते. वंशावळीची पाने चारपाच पिढ्यांपलीकडे सहसा जात नाहीत. इतिहास मात्र सहस्रावधी वर्षांच्या गोष्टी सांगतो. आशिया खंडाच्या त्या जुन्या पानांकडे ज्ञातिबांधवांचे व भगिनींचे लक्ष आम्ही वेधू इच्छितो.

त्या पानांवर राजाच्या आधी शेतकरी भेटतो. बोलन खिंडीच्या पायथ्याशी मेहरगढ येथे १९७४ पासून उत्खनन झाले. हडप्पा नगराच्या भरभराटीपूर्वी दोन हजारांहून अधिक वर्षे तेथील लोक जव पिकवीत, गुरे पाळीत व कच्च्या विटांची घरे बांधीत होते. चीनमध्ये यांगत्से नदीच्या मुखाकडील प्रदेशात भातशेती रुजली. लिआंगचू येथील लोकांनी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी पाणी अडविण्यासाठी मोठे बंधारे घातले.

लेखनकलेचा उगमही मनोरंजक आहे. सुमेर देशातील उरुक नगरात इ. स. पू. ३२०० च्या सुमारास मातीच्या पाट्यांवर खुणा उमटल्या, त्या काव्यासाठी नव्हेत, तर धान्य व मेंढ्या यांच्या हिशेबासाठी! चीनमधील आनयांग येथे बैलांच्या खांद्याच्या हाडांवर व कासवांच्या कवचांवर कोरलेले प्रश्न सापडले. इ. स. पू. १२०० च्या सुमाराची ती अक्षरे आजच्या चिनी लिपीची पूर्वज होत.

या संस्कृती एकमेकींपासून अलिप्तही नव्हत्या. मेलुह्हा देशाची जहाजे आपल्या धक्क्याला लागतात, असे अक्कदचा राजा सार्गन अभिमानाने नोंदवितो. मेलुह्हा म्हणजे सिंधू खोरे, असे बहुतेक विद्वान मानतात. उर येथील राजघराण्याच्या थडग्यांत सिंधू घाटणीचे लाल अकीकाचे मणी मिळाले आहेत. शुद्ध एकट्याच्या बळावर मोठे झालो, असे म्हणण्यास येथे कोणासच जागा नाही.

हडप्पाचे उत्खनन १९२१ साली दयाराम सहानी यांनी आरंभिले. तेथील भाजक्या विटांची जाडी, रुंदी व लांबी १:२:४ या प्रमाणात असे. परंतु त्यापूर्वीच, एकोणिसाव्या शतकात, लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या भरावासाठी त्या विटा गाडे भरभरून नेल्या गेल्या होत्या. सिंधू लिपी आजही सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही. त्या ढिगाऱ्यांत काय नष्ट झाले, हे आता कोण सांगणार?

ही हानी दूरदेशीची नव्हे. आमच्या गावोगावी नदीकाठी पांढरीची टेकाडे आहेत. त्यांची माती शेतात टाकण्यासाठी व घरे बांधण्यासाठी आपण पिढ्यानुपिढ्या उचलीत आलो. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली झुडपाचे मूळ खणताना गावातील एका माणसास धातूचे हत्ती, गेंडा, रेडा व बैलजोडीचा रथ सापडला. त्या वस्तू वितळवून विकल्या गेल्या नाहीत, म्हणूनच आज त्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

तेव्हा आपल्या कुळाची थोरवी मुलांना अवश्य सांगावी. परंतु ज्या निनावी कुंभारांनी, गवंड्यांनी व कुणब्यांनी संस्कृतीचा पाया घातला, त्यांचेही ऋण सांगावे. पांढरीत खापर, मणी वा नाणे मिळाल्यास ते जागच्या जागी ठेवून तहसील कचेरीस किंवा पुरातत्त्व खात्यास कळवावे. पूर्वजांच्या ऋणातून अंशतः मुक्त होण्याचा हा मार्ग प्रत्येक घरास खुला आहे.