डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा लागलाय? पार्ट बदलण्याआधी एवढं तपासा

गावाकडं आता घरटी नसली तरी गल्लीत दोन-चार चारचाकी दिसतातच. त्यातल्या बऱ्याच सेकंडहँड, दहा-बारा वर्षं वापरलेल्या. अशा गाडीचा ब्रेकचा नाहीतर एबीएसचा दिवा लागला की दोनच गोष्टी होतात. एकतर माणूस "चालतीय ना, चालू दे" म्हणून सोडून देतो, नाहीतर गॅरेजवाला सांगेल तो महागडा पार्ट टाकतो. दोन्हीत नुकसान आहे. त्यामुळं कोणता दिवा काय सांगतो आणि घरच्या घरी काय बघता येतं, ते इथं क्रमानं देत आहे.

आधी दिवा ओळखा

लाल दिवा, गोलात उद्गारचिन्ह: हँडब्रेक ओढलेला आहे किंवा ब्रेक ऑइल कमी झालंय. हँडब्रेक पूर्ण खाली करूनही दिवा जात नसेल तर गाडी पुढं न्यायची नाही.

पिवळा दिवा, एबीएस अशी अक्षरं: साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा बंद आहे.

पिवळा दिवा, घसरणारी गाडी आणि मागं नागमोडी रेघा: ही ईएसपी, म्हणजे वळणावर गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा. चालताना दिवा लुकलुकला तर ती काम करतेय, रस्ता निसरडा आहे, वेग कमी करा. कायम लागून राहिला तर बिघाड. सोबत 'ऑफ' लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा कुणाचा तरी हात बटणावर पडलेला असतो. जुन्या स्वस्त मॉडेलमध्ये ईएसपी नसतेच.

लाल आणि एबीएस दोन्ही सोबत लागले तर सगळ्यात धोक्याचं. पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. अशात जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरते. गाडी टो करून न्या.

लाल दिव्याला काय बघायचं

गाडी सपाट जागेवर उभी करून बॉनेट उघडा. ब्रेक ऑइलच्या डबीवर मिन आणि मॅक्स अशा खुणा असतात. पातळी मिनच्या खाली असेल तर नुसतं ऑइल ओतून मोकळं होऊ नका. ऑइल कमी होण्याची कारणं दोनच. एक, पॅड झिजलेत. पॅड झिजतील तशी पातळी हळूहळू उतरते. दोन, कुठंतरी गळतंय. चारही चाकांच्या आतल्या बाजूला आणि पाइपवर ओल दिसते का बघा. पेडल मऊ लागत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर गाडी जागेवरच ठेवा आणि मिस्त्रीला घरी बोलवा.

डबीच्या झाकणावर डॉट-३ किंवा डॉट-४ लिहिलेलं असतं, तेच ऑइल वापरायचं. इंजिन ऑइल किंवा पाणी चुकूनही नको, रबरी सील फुगून सगळी यंत्रणा निकामी होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं. ओलावा धरलेलं ऑइल घाटाच्या उतारावर तापून उकळतं आणि पेडल पोकळ जातं.

एबीएसचा दिवा: वायरिंग आधी, मॉड्यूल शेवटी

प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. तो दातांच्या किंवा चुंबकी रिंगवरून चाकाचा वेग मोजतो. चारपैकी एका चाकाचा वेग नीट कळेना की दिवा लागतो. आपल्याकडं चिखलाचे रस्ते, उसाची वाहतूक आणि वायरी कुरतडणारे उंदीर, त्यामुळं दोष बऱ्याचदा चाकाजवळच निघतो. क्रम असा ठेवा:

१. बॅटरी. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट पाहिजेत. व्होल्टेज पडलं तरी हा दिवा लागतो.
२. एबीएसचे फ्यूज. ते बॉनेटखाली आणि स्टिअरिंगखाली असे दोन्हीकडं असू शकतात.
३. चाकाजवळची वायर. स्टिअरिंग पूर्ण वळवून वायर कुठं ताणली, घासली, कुरतडली आहे का बघा. सॉकेट उघडून आत पाणी किंवा हिरवट गंज आहे का तेही बघा.
४. सेन्सरचं टोक आणि रिंग. चिखल, लोखंडाचा कीस, गंज पुसून घ्या. रिंगला तडा किंवा तुटलेला दात दिसतो का बघा.
५. टायर. चारही एकाच मापाचे हवेत. एक वेगळ्या मापाचा असला तर चाकाचा वेग वेगळा येतो.

दिवा कधी लागतो तेही लक्षात ठेवा. चावी फिरवल्यापासून कायम असेल तर तुटलेली वायर, फ्यूज किंवा मॉड्यूल यांचा संशय. गाडी थोडी चालल्यावर लागत असेल तर सेन्सर, रिंग किंवा बेअरिंग.

स्कॅनर लावताना

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनचेच कोड वाचतो. ब्रेकचे कोड 'सी' अक्षरानं सुरू होतात, ते वाचणारा स्कॅनर गॅरेजमध्ये आहे का ते विचारा. उदाहरणार्थ सी००३५ हा कोड पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरच्या सर्किटचा. यात 'सर्किट' शब्द महत्त्वाचा. सेन्सर, वायर, सॉकेट, रिंग यातलं काहीही असू शकतं. काही कंपन्यांचे कोड वेगळे असतात. कोड पुसण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

खात्रीचा उपाय म्हणजे मोकळ्या रस्त्यावर २०-३० च्या वेगानं गाडी चालवायची आणि शेजारी बसलेल्यानं स्कॅनरवर चारही चाकांचे वेग बघायचे. जे चाक शून्य दाखवतं किंवा मागं पडतं, दोष तिथंच.

माझाच अनुभव सांगतो. माझ्या जुन्या डिझेल गाडीचा एबीएसचा दिवा लागला. एका गॅरेजमध्ये मॉड्यूल गेलंय म्हणून पस्तीस हजार सांगितले. सोयाबीनचे पैसे आले नव्हते म्हणून थांबलो. नंतर दुसऱ्या मिस्त्रीनं चाकांचे वेग बघितले तर पुढचं उजवं चाक शून्य. आदल्या महिन्यातच त्या चाकाचं बेअरिंग बदललं होतं. त्या बेअरिंगला एकाच बाजूला चुंबकी रिंग असते आणि ते उलटं बसवलं होतं. नवं बेअरिंग सुलट बसवलं, दिवा गेला. मॉड्यूलला हातही लावावा लागला नाही.

ईएसपीचा दिवा

एबीएस आणि ईएसपी दोन्ही लागले असतील तर आधी एबीएस दुरुस्त करा, बऱ्याचदा दुसरा आपोआप जातो. एकटा ईएसपी असेल तर कुणाला तरी मागं उभं करून ब्रेक दाबा. मागचे दिवे लागत नसतील तर पेडलचा स्विच बघा. बॅटरी काढून लावली असेल तर गाडी चालू करून स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा आणि थोडं सरळ चालवा. अनेक गाड्यांत दिवा जातो. नाही गेला किंवा अलाइनमेंटनंतर लागला, तर स्टिअरिंगच्या सेन्सरचं शून्य स्कॅनरनं सेट करावं लागतं. इंजिनचाही दिवा असेल तर आधी तो कोड बघा.

जुनी गाडी घेताना

एप्रिल २०१९ पासून नव्या सगळ्या कारना एबीएस बंधनकारक आहे. त्याआधीच्या गाडीत असेलच असं नाही. असेल तर चावी फिरवल्यावर दिवा लागून काही सेकंदांत गेला पाहिजे. मुळीच लागला नाही तर दोष लपवायला बल्ब काढलेला किंवा दिवा बंद केलेला असू शकतो. तिथं सौदा थांबवा.

आणि नुसता एबीएसचा दिवा असताना गॅरेजपर्यंत जायचंच असेल तर वेग कमी, पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट, घाटात खालचा गिअर. ओल्या रस्त्यावर ब्रेक एकदम दाबायचा नाही. लाल दिवा असेल तर मात्र गॅरेजला गाडी जात नाही, मिस्त्री गाडीकडं येतो.