घाईच्या घासाचा इतिहास : शेगावची कचोरी ते विमानतळावरचे मंचुरियन

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. मुंबईत उतरून पुढचे विमान गाठणाऱ्या वऱ्हाडी प्रवाशाला जेवणासाठी जेमतेम अर्धा तास मिळतो. अशा वेळी खाद्यदालनात पाच मिनिटांत हाती पडतात ते नूडल्स आणि मंचुरियन. या अन्नाला सारे 'चायनीज' म्हणतात. पण मंचुरियाला मंचुरियन ठाऊक नाही. तो पदार्थ मुंबईचा आहे.

घाईचे खाणे वऱ्हाडाला नवे नाही. कापसाच्या ओढीने आलेली जी.आय.पी. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि बडनेरा, अकोला, शेगाव ही स्थानके मुख्य मार्गावर आली. गाडी थांबेल तेवढ्या मिनिटांत, खिडकीतून घेता येईल असे खाणे हवे होते. १९५० च्या सुमारास शेगावला ते मिळाले. फाळणीमुळे पंजाबातील घर सोडावे लागलेल्या तीरथराम करमचंद शर्मा यांनी स्थानकावर कचोरी विकायला सुरुवात केली. आत मसालेदार सारण, सोबत तळलेली मिरची. ताट नको, चमचा नको. आज वऱ्हाडाची खूण मानली जाणारी ही कचोरी मुळात एका निर्वासिताची आहे.

हाच लोहमार्ग पुढे हावड्यापर्यंत जातो. मंचुरियनची कथा तिथून, कोलकात्यापासून सुरू होते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस आछू नावाच्या चिनी व्यापाऱ्याने वॉरन हेस्टिंग्जकडून हुगळीकाठी जमीन मिळवून साखरेचा कारखाना काढला. ते गाव आजही अछीपूर म्हणून ओळखले जाते. त्याच्यामागून सुतार, चर्मकार, दंतवैद्य आले. टांगरा भागात हाक्का समाजाने चामड्याचे कारखाने उभारले आणि बंगाली जिभेला मानवेल असा स्वयंपाकही घडवला.

मग १९६२ चे युद्ध आले. भारतीय चिनी नागरिक एका रात्रीत 'शत्रू' ठरले. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग या भागांतून सुमारे ३,००० जणांना उचलून राजस्थानातील देवलीच्या छावणीत डांबण्यात आले (ही वर्ध्याची देवळी नव्हे). कित्येकांचा जन्म भारतातच झालेला. चीन त्यांनी पाहिलाही नव्हता. आगगाडीचा तो प्रवास सुमारे सात दिवसांचा होता. विशेष म्हणजे १९४१ मध्ये ब्रिटिशांनी जयप्रकाश नारायण यांना ठेवले होते ते देवलीतच. युद्ध महिन्याभरात थांबले, तरी काही कुटुंबांच्या सुटकेला चार-पाच वर्षे लागली. बाहेर राहिलेल्यांनाही गाव सोडण्यासाठी पोलिसांची परवानगी घ्यावी लागे.

त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १९७५ मध्ये, कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग या चिनी वंशाच्या आचाऱ्याने मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात एक नवा पदार्थ केला. आले, लसूण, हिरवी मिरची ही फोडणी आपलीच. गरम मसाल्याऐवजी मात्र सोया सॉस, आणि रस दाट करायला कॉर्नफ्लॉवर. हे चिकन मंचुरियन. पुढे शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी कोंबडीच्या जागी फुलकोबी आणि पत्ताकोबी आली, तेव्हा हा पदार्थ खऱ्या अर्थाने गावोगावी पोहोचला.

त्याच्या वेगाचे रहस्य पूर्वतयारीत आहे. गोळे आधीच तळलेले, नूडल्स उकडलेल्या, भाज्या चिरलेल्या. मोठ्या आचेवरच्या कढईत शेवटची दोन-तीन मिनिटे तेवढी उरतात. म्हणून अमरावती-अकोल्यातील गाडीवाल्याला एका शेगडीवर धंदा करता येतो आणि विमानतळावरील काउंटरलाही तीच पद्धत सोयीची पडते. फरक मुख्यतः भावात.

युद्धानंतर अनेक भारतीय चिनी कुटुंबे देश सोडून गेली. त्यांतील बरीच कॅनडात स्थिरावली. देवलीत राहिलेल्या काहींनी भारत सरकारने खेद व्यक्त करावा, अशी मागणी तिथूनच केली आहे. टोरांटोच्या उपनगरांत कोलकात्याहून गेलेल्या या लोकांची उपाहारगृहे आहेत. तिथे मंचुरियनला 'हाक्का' जेवण म्हणतात, आणि ते मागवणाऱ्यांत भारतातून गेलेली मंडळी मोठ्या संख्येने असतात.