ताराबाई शिंदे : न वाचलेल्या पुस्तकाचा प्रभाव

अमुक लेखिकेचा प्रदेशाच्या इतिहासावर प्रभाव पडला, असं आपण सहज म्हणून जातो. पण ज्या पुस्तकाच्या अवघ्या ५०० प्रती निघाल्या आणि पुढे ९३ वर्षं जे जवळजवळ विसरलं गेलं, त्याचं काय? आम्ही बोलतोय 'स्त्रीपुरुषतुलना'विषयी.

ताराबाई वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक विचारांचे. निमित्त मात्र घडलं दूर सुरतेला. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. अपिलात तिची जन्मठेप, काळं पाणी झालं. त्यावरून पुण्याच्या 'पुणेवैभव'नं समस्त बायकांच्या नीतीवरच तोंडसुख घेतलं. उत्तर बुलढाण्याहून आलं, १८८२ मध्ये, पुण्यातच छापून.

आता युक्तिवाद बघा. आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं, आम्हाला तिथंच रस. 'साहस' या शब्दाला तेव्हा आजचा कौतुकाचा अर्थ नव्हता. अविचारी, पापी धाडस म्हणजे साहस, आणि ते बाईच्या माथी मारलेलं. ताराबाई असे एकेक दोष हातात घेतात आणि विचारतात, हा पुरुषात नाही काय? बायको गेली की हा पुन्हा बोहल्यावर चढायला मोकळा, आणि नवरा गेला की तिनं केस-कुंकू सगळं टाकायचं, हा न्याय कुठला? पोथ्यांतल्या देवांनाही त्या सोडत नाहीत. 'मुक्तामाला'सारख्या कादंबऱ्यांनाही नाही. तत्कालीन सुधारकांचा बराचसा भर विधवेची कणव येण्यावर होता. ताराबाई कणव मागतच नाहीत. दोघांना एकच माप लावा, म्हणतात. आमच्या मते त्यांचं वेगळेपण इथं आहे.

प्रतिक्रिया काय? टवाळी. सत्यशोधकांतल्याही काहींनी केली. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक उपलब्ध नाही.

१९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी हे पुस्तक पुन्हा छापलं, १९९४ मध्ये इंग्रजी भाषांतर झालं, आणि मग गंमत अशी की एकोणिसाव्या शतकाचा इतिहासच वेगळा दिसू लागला. तोवर स्त्रीप्रश्न म्हणजे पुरुषांनी आपसात घातलेला वाद, असंच बहुतेक सांगितलं जाई.

आम्ही स्वतः कितीतरी वर्षं वर्गात मिलचं स्त्रियांच्या पारतंत्र्यावरचं १८६९ चं पुस्तक शिकवलं. त्यानंतर १३ वर्षांनी बुलढाण्याच्या बाईनं काय लिहिलं, ते आमच्या वाचनयादीत नव्हतं. यादी आम्हीच करत होतो.