हॅम, पाव आणि वळिवडे

भिशीला गरम हॅम-चीज सँडविच कसं करायचं, असं तुमच्यापैकी काहीजणींनी विचारलं होतं. सोपं आहे. स्लाइसला लोणी लावायचं, मध्ये हॅम आणि चीज घालायचं, सगळी सँडविचं ट्रेमध्ये चिकटून लावायची, वर फॉइल झाकायची आणि १८० अंशांवर १५-२० मिनिटं ओव्हनमध्ये ठेवायची. वीसजणींना एकदम गरम मिळतं, आणि करणारीही गप्पांत बसू शकते. शाकाहारी मैत्रिणींचा ट्रे मात्र वेगळा ठेवा.

हॅम म्हणजे मिठात मुरवलेली डुकराची मांडी. हे आपल्याकडचं नव्हे, असं आपण सहज म्हणतो. पण ज्यांच्या सणाला हॅम लागतो, अशी सुमारे पाच हजार पोलिश माणसं १९४३ ते १९४८ या काळात आपल्या वळिवड्याला राहत होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुलंच.

१९४० आणि ४१ साली सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधल्या या कुटुंबांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं. तिथे कामाच्या मापाने पाव मिळायचा. जो काम करू शकत नाही त्याच्या वाट्याला तुकडा. सुटका झाल्यावर १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून ती इराणच्या पहलवी बंदरात उतरली. आणि तिथे काय झालं? महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या पोटांत एकदम चरबीचं मटण गेलं. ते सोसलं नाही, कितीतरी जण दगावले. वाढणाऱ्यांनी प्रेमानेच वाढलं होतं हो! जमावाला जेवू घालण्याची गोष्ट निघाली की मला हेच आठवतं.

तिथून कराचीमार्गे ही मंडळी वळिवड्याला आली. कौलारू बराकींत प्रत्येक कुटुंबाला खोल्या आणि स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंचही होता. मला मात्र स्वयंपाकघराचं मोल जास्त वाटतं. रांगेत भांडं धरून उभं राहायचं संपलं. आज काय शिजवायचं, हे बाईने ठरवायचं. घरातले पुरुष जनरल अँडर्स यांच्या सैन्यात होते. १९४४ मध्ये इटलीत मोंते कासिनोला हेच सैन्य लढलं.

पोलिश घरांत इस्टरच्या आदल्या दिवशी टोपलीत पाव, अंडी, मीठ, हॅम ठेवून चर्चमध्ये नेतात. चाळीस दिवसांच्या उपासानंतर ते सगळ्यांनी वाटून खायचं. त्यांचं पांढरं चीज म्हणजे त्वारुग. आंबट दूध हलकं तापवून, फुटलं की फडक्यात टांगायचं. चक्का टांगणाऱ्या बाईला यात नवीन काय?

युद्ध संपलं, पण त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती. परतायचं कुठे? बरीच कुटुंबं इंग्लंडला गेली. एका मुलीने इथल्याच माणसाशी लग्न केलं आणि ती कोल्हापूरची झाली. काहीजणांच्या कबरी इथेच आहेत. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सामध्येही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

१९४८ मध्ये छावणी रिकामी झाली आणि फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत राहायला आली. कापड घ्यायला आपण ज्या गांधीनगरला जातो, ते तेच.