शर्यतीचे तीन दिवस : फॉर्म्युला टूची रचना आणि भारतीय चालकांची वाट

६ डिसेंबर २०२०, रविवार. बहरीनमधील साखिर येथील सर्किटवर मुंबईच्या जेहान दारूवाला याने फॉर्म्युला टू स्पर्धेतील एक शर्यत जिंकली. २०१७ पासून या नावाने चालणाऱ्या स्पर्धेत विजय मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला. त्या वेळी त्याचे वय २२ वर्षांचे होते. असा विजय मिळवणारा चालक पुढे फॉर्म्युला वनमध्ये दिसेल, अशी अपेक्षा सामान्य वाचकाने केली असती तर त्यात वावगे काही नव्हते. परंतु तसे झाले नाही. याचे कारण समजून घ्यायचे असेल तर एका शर्यतीच्या निकालापलीकडे जाऊन तीन दिवसांच्या त्या आयोजनाची घडण आणि त्यातून निघणारा गुणांचा हिशेब पाहावा लागतो.

एकआसनी मोटारींची शिडी

चालकापुरतेच आसन असलेल्या आणि चाके उघडी असलेल्या शर्यतीच्या मोटारींना एकआसनी मोटारी म्हणतात. या प्रकारातील सर्वोच्च स्पर्धा म्हणजे फॉर्म्युला वन. तेथवर जाण्यासाठी ‘एफआयए’ या आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाने पायऱ्या आखून दिल्या आहेत. बालवयात कार्टिंग, वयाच्या पंधराव्या वर्षापासून फॉर्म्युला फोर, त्यानंतर फॉर्म्युला थ्री आणि अखेरीस फॉर्म्युला टू, असा हा क्रम आहे.

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघ आपली मोटार स्वतः घडवतो. फॉर्म्युला टूमध्ये मात्र सर्व संघांना सारखीच मोटार दिली जाते. २०२० साली ती इटलीतील दल्लारा कंपनीची होती आणि तिला मेकाक्रोम कंपनीचे ३.४ लिटरचे टर्बो इंजिन बसवलेले होते. टायर सर्वांना पिरेली कंपनीचेच मिळत. यंत्र समान ठेवले की माणसातला फरक दिसतो, हा यामागचा हेतू. व्यवहारात संघाचा अनुभव, अभियंत्यांचे कौशल्य आणि मोटारीची बारीक जुळणी यांमुळे अंतर पडतेच. तरीही फॉर्म्युला वनच्या तुलनेत येथे चालकाचे कसब अधिक स्पष्ट उमटते.

शुक्रवार : पाऊण तासाचा सराव, अर्ध्या तासाची परीक्षा

फॉर्म्युला टूच्या शर्यती फॉर्म्युला वनच्या आयोजनाबरोबर त्याच सर्किटवर होतात. शुक्रवारी सरावासाठी केवळ ४५ मिनिटे मिळतात. एवढ्या वेळात चालकाने वळणे ओळखायची, ब्रेक कोठे लावायचा ते ठरवायचे आणि मोटारीत कोणते बदल हवेत हे अभियंत्याला सांगायचे. त्याच दिवशी ३० मिनिटांचे पात्रता सत्र होते. प्रत्येकाने आपली सर्वांत वेगवान लॅप नोंदवायची आणि त्या वेळेनुसार मुख्य शर्यतीची प्रारंभरांग लागायची, असा हा नियम. पहिल्या स्थानाला ‘पोल पोझिशन’ म्हणतात.

नागपूर-वऱ्हाडाकडचा शंकरपट पांढुर्णा-सौंसरच्या मराठी वाचकाला परका नाही. सेकंदाच्या पटात बैलजोडीची खरी झुंज शेजारच्या जोडीशी नसून घड्याळाशी असते आणि सेकंदाच्या शतांश भागावर निकाल फिरतो. पात्रता सत्राचे स्वरूप असेच आहे. फरक इतकाच, की येथे वीस-बावीस मोटारी एकाच वेळी मार्गावर असतात. त्यामुळे मोकळी वाट मिळण्याचा क्षण हेरणे हाही परीक्षेचाच भाग ठरतो. टायरचा जोर एक-दोन लॅपमध्येच शिगेला पोहोचतो. त्या क्षणी पुढे संथ मोटार आली तर संपूर्ण आठवड्याची तयारी वाया जाऊ शकते.

साखिरच्या त्या शुक्रवारी याचा प्रत्यय आला. गुणतालिकेत आघाडीवर असलेला जर्मनीचा मिक शूमाकर पात्रता सत्रात दुसऱ्या मोटारीशी टक्कर झाल्याने प्रारंभरांगेत पार मागे फेकला गेला. पोल पोझिशन जपानच्या युकी त्सुनोदाने मिळवली. तो कार्लिन संघात दारूवालाचा सहकारी होता.

दोन शर्यती, दोन स्वभाव

त्या वर्षीच्या नियमांनुसार शनिवारी मुख्य शर्यत आणि रविवारी स्प्रिंट शर्यत होत असे. मुख्य शर्यत सुमारे १७० किलोमीटरची असते. त्यात किमान एकदा पिटमध्ये थांबून टायर बदलणे सक्तीचे आहे. स्प्रिंट १२० किलोमीटरची असते आणि तीत थांबण्याची सक्ती नाही. एकाच संचावर शेवटपर्यंत जायचे असल्याने सुरुवातीला अतिवेग करणाऱ्याचे टायर अखेरीस दगा देतात.

स्प्रिंटची खरी गंमत तिच्या प्रारंभरांगेत आहे. त्या हंगामात मुख्य शर्यतीतील पहिले आठ चालक दुसऱ्या दिवशी उलट्या क्रमाने उभे केले जात. शनिवारचा आठवा रविवारी पहिला आणि शनिवारचा विजेता आठवा! वेगवान चालकाला मागून वाट काढावी लागावी आणि त्याची ओव्हरटेक करण्याची क्षमता दिसावी, हा यामागचा विचार. २०२२ पासून स्प्रिंट शनिवारी आणि मुख्य शर्यत रविवारी होते. उलटी रांगही आता पात्रता सत्रातील पहिल्या दहांची लागते.

साखिरचा शनिवार-रविवार

तो आठवडा अनेक अर्थांनी असाधारण होता. त्याआधीच्या रविवारी, २९ नोव्हेंबर रोजी, बहरीनमध्येच फॉर्म्युला वनच्या शर्यतीत रोमाँ ग्रोजाँ याची मोटार कठड्यात घुसून पेटली होती. डोक्याभोवतीच्या ‘हेलो’ या संरक्षक कड्यामुळे तो बचावला. हेच कडे २०१८ पासून फॉर्म्युला टूच्या मोटारींनाही आहे. तरीही धोका पूर्णपणे टळलेला नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बेल्जियममधील स्पा येथे फॉर्म्युला टूच्या शर्यतीत २२ वर्षांच्या आँत्वान ह्युबेर याचा मृत्यू झाला होता.

साखिरच्या दुसऱ्या आठवड्यासाठी नेहमीचा ५.४१२ किलोमीटरचा मार्ग सोडून ३.५४३ किलोमीटरचा बाह्य मार्ग निवडण्यात आला. वळणे कमी, सरळ पट्टे लांब आणि मोटारी सतत एकमेकींच्या मागे. शनिवारची मुख्य शर्यत त्सुनोदाने जिंकली. शूमाकर मागून सहाव्या स्थानापर्यंत आला. दारूवाला सातवा आणि ब्रिटनचा डॅन टिक्टम आठवा आला. वरवर पाहता सातवे स्थान साधारणच. पण उलट्या रांगेच्या नियमाने त्याचे मोल बदलले. रविवारी टिक्टम पहिला, दारूवाला दुसरा आणि शूमाकर तिसरा, अशी रांग लागली.

प्रारंभ होताच दारूवालाने आतल्या बाजूने टिक्टमला गाठण्याचा प्रयत्न केला. टिक्टमने त्याला बाजूला रेटले. त्या गडबडीत शूमाकर बाहेरून दोघांच्याही पुढे गेला. त्यानंतर तिघांत झुंज रंगली. जोरकस ब्रेकिंगमुळे शूमाकरच्या टायरची हानी झाली आणि पिटमध्ये जावे लागल्याने तो अखेरीस अठराव्या स्थानी घसरला. दारूवालाने टायर राखले, टिक्टमला मागे टाकले आणि ३४ लॅपची शर्यत सुमारे साडेतीन सेकंदांच्या अंतराने जिंकली. त्सुनोदा दुसरा, टिक्टम तिसरा.

उलट्या रांगेचा लाभ दारूवालाला झाला, हे खरेच आहे. मात्र तोच लाभ टिक्टमला आणि शूमाकरलाही झाला होता. पहिल्याच वळणावर मागे पडूनही घाई न करता टायर वाचवणे आणि योग्य क्षणी पुढे जाणे, हे त्या दिवशी तिघांपैकी एकालाच साधले.

गुणांचा हिशेब

आता गुणांकडे वळू. मुख्य शर्यतीतील विजेत्याला २५ गुण मिळतात. त्या काळी स्प्रिंटच्या विजेत्याला १५ मिळत; आज १० मिळतात. याचा अर्थ संयोजकांच्या लेखी दोन्ही विजय सारखे नाहीत. साखिरला रविवारी शूमाकरला एकही गुण मिळाला नाही. तरीही आदल्या दिवशी मिळवलेल्या गुणांवर एकूण २१५ गुणांसह तो त्या वर्षीचा विजेता झाला. ब्रिटनचा कॅलम आयलट २०१ गुणांसह दुसरा आणि त्सुनोदा २०० गुणांसह तिसरा आला. दारूवाला ७२ गुणांसह बारावा राहिला.

या तालिकेचे महत्त्व चषकापुरते नाही. फॉर्म्युला वनमध्ये मोटार चालवण्यासाठी ‘सुपर लायसन्स’ लागते आणि त्यासाठी तीन हंगामांत मिळून ४० परवाना-गुण जमवावे लागतात. फॉर्म्युला टूच्या पहिल्या तिघांना एकाच हंगामात प्रत्येकी ४० मिळतात. सातव्याला मात्र ८ मिळतात आणि बाराव्याच्या पदरी काहीच पडत नाही. म्हणून एखादी शर्यत थाटात जिंकणाऱ्यापेक्षा वर्षभर तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर सातत्याने येणारा चालक शिडीवर अधिक वेगाने चढतो.

परवाना मिळाला तरी जागा मिळेलच असे नाही. फॉर्म्युला वनमध्ये तेव्हा अवघ्या २० जागा होत्या; २०२६ पासून त्या २२ झाल्या. २०२१ साली शूमाकर हास संघात आणि त्सुनोदा अल्फाटाउरी संघात गेला. दुसऱ्या क्रमांकाच्या आयलटला मात्र शर्यतीची जागा मिळाली नाही आणि त्याने पुढे अमेरिकेतील इंडिकार स्पर्धेची वाट धरली. एकाच गुणाने मागे असलेला पुढे गेला आणि पुढे असलेला बाहेर राहिला. संघांतील रिक्त जागा, उत्पादकांचे पाठबळ आणि पुरस्कर्त्यांचा पैसा यांचा हिशेब कोणत्याही गुणतालिकेत लिहिलेला नसतो.

दारूवालाची वाटचाल

२०११ साली फोर्स इंडिया संघाने देशभर घेतलेल्या ‘वन फ्रॉम अ बिलियन’ या शोधमोहिमेतून निवडलेल्या तीन मुलांपैकी दारूवाला एक होता. २०१९ मध्ये प्रेमा संघाकडून फॉर्म्युला थ्रीच्या गुणतालिकेत तो तिसरा आला. रेड बुलच्या युवा चालक योजनेतही त्याची निवड झाली. फॉर्म्युला टूमध्ये तो चार हंगाम खेळला. २०२१ आणि २०२२ अशा दोन्ही वर्षी तो सातवा आला. २०२१ मध्ये इटलीतील माँझा येथे त्याने स्प्रिंट जिंकली आणि २०२२ मध्ये तेथेच मुख्य शर्यत जिंकून उलट्या रांगेच्या आधाराविनाही आपण जिंकू शकतो हे दाखवून दिले. त्याच वर्षी मॅक्लारेन संघाने त्याला सिल्व्हरस्टोन येथे फॉर्म्युला वनच्या मोटारीची चाचणी दिली. शर्यतीची जागा मात्र मिळाली नाही. २०२४ मध्ये तो विजेवरील मोटारींच्या फॉर्म्युला ई स्पर्धेत मासेराती संघाकडून उतरला.

त्याच्याआधी नरेन कार्तिकेयन २००५ मध्ये आणि करुण चंडोक २०१० मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचले होते. चंडोकने त्यापूर्वी फॉर्म्युला टूची पूर्वसुरी असलेल्या जीपी टू स्पर्धेत शर्यती जिंकल्या होत्या. दारूवालानंतर बेंगळुरूच्या कुश मैनीने मे २०२५ मध्ये मोनॅकोची स्प्रिंट जिंकली. म्हणजे भारतीय चालक जिंकतात. उणीव आहे ती सातत्याने जिंकता येईल अशा घडणीची.

घरचे अंगण

ही घडण लहानपणी सुरू होते आणि तेथेच खरा प्रश्न आहे. युरोपातील मुलगा वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून दर आठवड्याला वेगवेगळ्या मार्गांवर कार्ट चालवतो. भारतात ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टईचे सर्किट आणि कोइम्बतूरचे कारी मोटर स्पीडवे, अशी मोजकीच ठिकाणे आहेत. दिल्ली-चेन्नई लोहमार्ग पांढुर्ण्यावरून जातो आणि या मार्गाच्या दोन टोकांजवळ देशातील दोन प्रमुख सर्किटे आहेत. मधल्या प्रदेशातील मुलाला गाडी दोन्ही दिशांना मिळते. शर्यतीचा मार्ग मात्र तेवढाच दूर राहतो.

भारतीय फॉर्म्युला फोर स्पर्धेचा पहिला हंगाम २०२३ मध्ये झाला, हे या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल आहे. २०२४ मध्ये या स्पर्धेच्या मोटारी चेन्नईच्या रस्त्यांवर रात्रीच्या प्रकाशात धावल्या. शिडीची एक अधिकृत पायरी देशातच उभी राहिली. तिच्या वरच्या पायऱ्या अजूनही प्रामुख्याने युरोपातच आहेत आणि तेथील एका हंगामाचा खर्च कोट्यवधी रुपयांच्या घरात जातो. गुण असलेला आणि धन नसलेला मुलगा याच वळणावर थांबतो.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या भारतीय चालकाच्या विजयाची बातमी वाचनात आली, तर तीन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. शर्यत मुख्य होती की स्प्रिंट, तो कोणत्या स्थानावरून निघाला आणि हंगामाच्या तालिकेत कितवा आहे. पहिल्या दोन गोष्टी त्या दिवसाचे मोल सांगतात. तिसरी सांगते, तो पुढच्या वर्षी कोठे असेल.