भद्रेचा गाळ व बेडकांचा वंश

खाणींतला मळ ओढ्यांत गेला म्हणजे पाण्यांतील जीव मरतात, हें ज्ञान आजचें नव्हे. जर्मन पंडित आग्रिकोला याचा खनिजविद्येवरील लॅटिन ग्रंथ इ. स. १५५६ मध्यें, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. खनिज धुतलेल्या पाण्यानें ओढे विषारी होतात व मासे मरतात किंवा निघून जातात, हा खाणविरोधकांचा आक्षेप त्यानें त्यांत नमूद केला आहे. तो स्वतः खाणींचा कैवारी होता, तरी आक्षेप त्यानें झांकून ठेवला नाहीं. मात्र उल्लेख आहे तो माशांचा. मासा बाजारांत विकला जातो, कोळी तक्रार करतो आणि तक्रारीचा कागद दप्तरीं राहतो. बेडकाची फिर्याद घेऊन कोण जाणार? त्याच्या हानीचा इतिहास दगड, पाणी व गाळ यांच्या नोंदींवरूनच जुळवावा लागतो. सह्याद्रींतील कुद्रेमुखाचा वृत्तान्त आम्ही त्या दृष्टीनें येथें मांडीत आहों.

कुद्रेमुख म्हणजे घोड्याचें तोंड. कर्नाटकांतील चिकमगळूर जिल्ह्यांतील हें शिखर सुमारें १,८९० मीटर उंच आहे. याच डोंगरांत गंगामूळ येथें तुंगा, भद्रा व नेत्रावती या नद्या उगम पावतात. तुंगा व भद्रा मिळून तुंगभद्रा होते व ती कृष्णेंत जाते. म्हणजे आमच्या महाबळेश्वराच्या पाण्याशीं या पाण्याची शेवटीं गांठ पडते. म्हैसूर संस्थानच्या भूगर्भखात्यांतील संपत अय्यंगार यांनीं १९१३ सालीं येथील लोखंडाचा शोध लावला, पण पुढें साठ वर्षें तें डोंगरांतच राहिलें. १९७५ सालीं इराणशीं करार झाला, १९७६ मध्यें सरकारी कंपनी निघाली, आणि कारखाना पुरा होण्यापूर्वींच १९७९ मध्यें इराणच्या शहाचें सिंहासन गेलें. ठरलेलें गिऱ्हाईक नाहींसें झालें. पण कोरलेला डोंगर थोडाच पुन्हा बुजतो? दुसरीं गिऱ्हाइकें शोधून काम चालूं ठेवण्यांत आलें.

येथील दगडांत लोखंड शेंकडा ३८ च्या सुमारास. तो दगड पिठासारखा दळून व लोखंड निवडून त्याचा राडा नळांतून ६७ किलोमीटरांवर मंगळुराकडे धाडीत. उरलेली भुकटी लख्या ओढ्यावर १०० मीटर उंचीचें धरण बांधून त्यामागें सांठविली. बंदोबस्त कागदावर चांगला होता. परंतु जेथें वर्षाकाठीं सहा-सात हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथें उघडा पडलेला डोंगर धरणाची वाट पाहत बसत नाहीं. पाणलोटाचा अल्पसा भाग व्यापणाऱ्या खाणीकडून भद्रेंतील निम्म्याहून अधिक गाळ येतो, असें संशोधकांस मोजमापांत आढळलें.

आतां बेडकाकडे वळूं. तो तोंडानें पाणी पीत नाहीं, कातडीनें घेतो, आणि श्वासाचाही मोठा भाग कातडीवरच चालतो. त्यामुळें पाण्यांत विरघळलेल्या धातूस तेवढी एक वाट अधिक मिळते. कुद्रेमुखास मात्र मुख्य शत्रु विष नसून साधा गाळ होता, असें आम्हांस वाटतें. विषाचा शब्द कानीं आल्यावांचून आपणांस धोका दिसत नाहीं, ही आपली खोड आहे! येथील निक्टिबॅट्राकस कुळांतील कित्येक बेडूक अंडीं पाण्यावर झुकलेल्या पानांवर वा दगडांवर घालतात; पिल्लें फुटून खालीं ओढ्यांत पडतात. ओढ्यांतील बहुतेक बेडूकमासे दगडांवरचें शेवाळ खरवडून जगतात व दगडांच्या फटींत लपतात. गाळ बसला कीं शेवाळ झांकतें, फटी बुजतात आणि कल्ले भरून येतात. अमेरिकेंत दक्षिण कॅरोलायनांतील कोळशाच्या राखेच्या तळ्यांत तर बेडूकमाशांच्या मुखांतील दांतांच्या ओळीच नाहींशा झालेल्या आढळल्या. तेथें खाणें असूनही खातां येईना.

या कुळांतील सुरकुतलेल्या कातडीचा एक मोठा बेडूक कुद्रेमुखाहूनच २००१ मध्यें प्रथम वर्णिला गेला. नामकरणांतील त्रुटीमुळें २००७ मध्यें त्यास कर्नाटकावरून पुन्हा नांव द्यावें लागलें. तोंवर ओढ्यांतून गाळ वाहूं लागून वीस वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि खाणही बंद झाली होती! त्याआधीं याच जिल्ह्यांतील कोट्टिगेहारचा एक लहान बेडूक बंगळूरचे प्राध्यापक नारायण राव यांनीं १९३७ सालीं वर्णिला होता. त्यांचे मूळ नमुने पुढें हरवले.

खाणीचा तीस वर्षांचा पट्टा १९९९ मध्यें संपला. वन्यजीवांच्या कैवाऱ्यांनीं न्यायालयाची पायरी चढली, आणि ३० ऑक्टोबर २००२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें २००५ च्या अखेरीस काम थांबविण्याचा हुकूम दिला. त्याप्रमाणें तें थांबलें. लख्याचें धरण मात्र उभें आहे, आणि पंचवीस वर्षांची भुकटी त्याच्या मागें तशीच आहे.