काटकोनाची उलट कसोटी

घराच्या पायाची आखणी करताना गवंडी कोपऱ्यात खुंटी ठोकतो. एका दोरीवर 3 फूट मोजतो, दुसरीवर 4, आणि दोन खुणांमधले अंतर बरोबर 5 फूट भरले की म्हणतो, ‘गुण्यात आहे.’ कोन त्याने मोजलेलाच नसतो. शाळेत आपण पायथागोरस शिकतो तो दुसऱ्या टोकाकडून: कोन काटकोन असेल तर दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाइतकी. गवंड्याला हवा असतो त्याचा व्यत्यास. बेरीज जुळली म्हणून कोन काटकोनच, हे कशावरून? शाळेत हा प्रश्न घाईत उरकला जातो, असे आम्हांला वाटते.

व्यवहारात ही युक्ती फार जुनी. आपस्तंबाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदी आखायला 15, 36 आणि 39 अशा मापांची दोरी आहे. 225 आणि 1296 मिळून 1521, म्हणजे 39 चा वर्ग. सिद्धता मात्र इ.स.पूर्व 300 च्या सुमारास युक्लिडने दिली. पहिल्या पुस्तकाचे 47 वे विधान पायथागोरसचे, 48 वे त्याचा व्यत्यास; तिथेच पुस्तक संपते. युक्ती साधी आहे. दिलेल्या त्रिकोणाच्या एका बाजूवर, त्याच कोपऱ्यात, खरा काटकोन उभा करायचा, दुसऱ्या बाजूएवढी लांबी घ्यायची आणि टोके जोडायची. 47 व्या विधानाने नवा कर्ण जुन्या तिसऱ्या बाजूएवढाच निघतो. तिन्ही बाजू समान, म्हणून कोनही समान.

हे पुस्तक बगदादला आले. हज्जाज इब्न यूसुफ याने त्याचे अरबी भाषांतर एकदा हारून अल-रशीदच्या काळात केले आणि पुन्हा मामूनसाठी. पुढे इसहाक इब्न हुनैनचे भाषांतर साबित इब्न कुर्रा याने तपासून सुधारले. इसहाक ख्रिस्ती, साबित हर्रानचा साबिई, ग्रहताऱ्यांना पूजणाऱ्या पंथाचा. ‘मुस्लिमांचे गणित’ असे छाती फुगवून म्हणणाऱ्यांनी आणि ते नाकारणाऱ्यांनी, दोघांनीही हे ध्यानात घ्यावे.

साबितने (मृत्यू 901) काटकोनाची अट काढूनच टाकली. त्रिकोणाच्या शिरोबिंदूपासून पायावर दोन रेषा अशा काढा, की प्रत्येकीने पायाच्या आपापल्या टोकाच्या बाजूला शिरोकोनाएवढाच कोन करावा. त्या दोन टोकांपासून दोन तुकडे मिळतात. त्यांच्या बेरजेला पायाने गुणले की उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज येते. शिरोकोन काटकोन असेल तर दोन्ही रेषा एकच होतात आणि तुकडे मिळून पाया पुरा भरतात. लघुकोन असेल तर तुकडे एकमेकांवर चढतात, विशालकोन असेल तर मध्ये फट राहते. 4, 5, 6 घ्या: 16 आणि 25 मिळून 41, ते 36 हून जास्त, म्हणून सर्वांत मोठा कोनही लघुच. 3, 4, 6 घेतले तर 25 हे 36 हून कमी, कोन विशाल. कसोटी नुसते ‘हो-नाही’ न सांगता चूक कोणत्या बाजूला आहे तेही सांगू लागली. किती आहे, त्याचा हिशेब समरकंदच्या जमशीद अल-काशीच्या नावाशी जोडला गेला. फ्रान्समधली मुले आजही त्या सूत्राला अल-काशीचे प्रमेय म्हणतात.

युक्लिडची अरबी प्रत नसीरुद्दीन तूसीने 1248 मध्ये नव्याने सिद्ध केली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाच्या पदरचे पंडित जगन्नाथ सम्राट यांनी ती संस्कृतात आणली, ‘रेखागणित’ या नावाने. व्यत्यासही अर्थातच त्यात आला. युक्लिडचे नाव तेवढे गळले. प्रस्तावनेत जगन्नाथांनी लिहिले, की हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले. अरबी शिकून, ओळ न् ओळ उतरवून घेणाऱ्या पंडिताला असे लिहावे लागले, ते श्रद्धेने की सभेतल्या लोकांसाठी? आमचा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. हा ग्रंथ 1901-02 मध्ये मुंबईत, बॉम्बे संस्कृत सीरिजमध्ये छापला गेला.